पांढऱ्या पायाची घोडी

नेरळहून वर येणारी मोटार दस्तुरी नाक्यापाशी थांबते. तेथून पुढे माथेरान गावात मोटारीला मज्जाव आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि त्यानंतर येथे थंड हवेचे गाव वसले. १९०७ साली नेरळहून वर येणारी छोटी आगगाडी सुरू झाली. अलीकडे थोड्या ई-रिक्षाही आल्या आहेत. तरीसुद्धा माथेरानच्या लाल वाटांवर राज्य आहे ते घोड्याचेच. पाहुण्याला गावात नेणारा घोडा, डोंगराच्या टोकांवरून दरी दाखवणारा घोडा आणि धान्याची पोती वाहणाराही घोडाच.

परंतु हे झाले कोरड्या दिवसांतले माथेरान. मृगाचा पाऊस एकदा डोंगरावर उतरला, की सारे चित्र पालटते. छोटी आगगाडी नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात पावसाळ्यापुरती बंद होते. पाहुणे रोडावतात. दिवसचे दिवस धुके हलत नाही, पागोळ्या थांबत नाहीत, दगडांवर शेवाळ धरते आणि जांभ्याची तांबडी माती वाटावाटांतून वाहू लागते. माणसे डोक्यावर छत्री घेतात, प्लास्टिकचा कागद पांघरतात. घोड्याच्या पाठीवरही एखादे जुने मेणकापड टाकता येते. त्याच्या चार पायांवर मात्र कोणी काय पांघरावे? तो जातो तेथे चिखल असतो आणि उभा राहतो तेथेही बहुधा चिखलच असतो.

अशाच एका पावसाळ्यातील ही हकीकत आहे.

गावाच्या कडेला एका वृद्ध घोडेवाल्याचा तबेला होता. तबेला कसला, तीन बाजूंनी कुडाच्या भिंती आणि वर पत्रे! त्यात तीन जनावरे बांधलेली असत. दोन घोडे तांबूस रंगाचे, वयाने पोक्त आणि स्वभावाने शांत. तिसरी होती चंद्री. कपाळावर चंद्राएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून ती चंद्री. अंगाने ती काळसर तपकिरी होती; मात्र तिचे मागचे दोन्ही पाय खुरापासून वर वीतभर पांढरेशुभ्र होते. जणू कोणी तिला पांढरे मोजेच चढवले होते.

या पांढऱ्या पायांमुळेच ती म्हाताऱ्याला स्वस्तात मिळाली होती. एखाद्याच्या येण्याने घरात नुकसान झाले, की त्याला 'पांढऱ्या पायाचा' म्हणण्याची आपल्या भाषेत रीत आहे. भाषेतले असे शब्दप्रयोग मोठे चिवट असतात. त्यांतला अर्थ लोक विसरतात, पण भीती विसरत नाहीत. पहिल्या मालकाने घोडी घेतली, त्याच वर्षी त्याचे दुसरे जनावर मेले. त्याने तो दोष चंद्रीच्या पायांवर ढकलला आणि तिला विकून टाकले. वृद्ध घोडेवाल्याने तिच्या तोंडात बोट घालून दात पाहिले, चारी खूर उचलून पाहिले, तिला वाटेवर दोनदा चालवून पाहिले आणि पैसे मोजले. शेजारी म्हणाले, "अहो, पाय पाहिलेत का तिचे?" तो म्हणाला, "पाहिले ना. सरळ आहेत."

म्हाताऱ्याचा नातू तेव्हा बारा वर्षांचा होता. शाळेतून आला की दप्तर खुंटीला अडकवायचे आणि तबेल्यात शिरायचे, हा त्याचा नेम. दोन पोक्त घोड्यांवर त्याचा जीव होता. चंद्रीवर तो अधिक होता. लोक तिला नावे ठेवीत, म्हणून कदाचित तो अधिक असेल.

आषाढात खालच्या गावी भाताची लावणी निघाली. म्हाताऱ्याच्या भावाचे थोडे शेत होते आणि माणूसबळ कमी होते. तेव्हा दहा-बारा दिवसांसाठी त्याला डोंगर उतरून जावे लागले. जाताना त्याने नातवाला जवळ बोलावले.

"पोरा, तिघांना वेळेवर दाणा-वैरण घाल. भिजलेला पेंढा रोज काढ. आणि पायांकडे लक्ष ठेव. चंद्रीच्या पायांकडे जास्त."

"ठेवतो, आजोबा. अगदी स्वच्छ ठेवतो," नातू म्हणाला.

येथेच घोटाळा झाला. आजोबा 'लक्ष ठेव' म्हणाले होते. नातवाने ऐकले 'स्वच्छ ठेव'.

चंद्री त्या दिवसांत सामानाची ने-आण करी. एक ओळखीचा घोडेवाला तिला सकाळी घेऊन जाई आणि दुपारी आणून बांधी. ती परत येई तेव्हा तिचे पांढरे पाय तांबड्या चिखलाने गुडघ्यापर्यंत लिंपलेले असत. नातवाला ते पाहवत नसे. तो पिंपातले थंड पाणी बादल्या भरभरून आणी, पायांवर ओती आणि नारळाच्या काथ्याने खसाखसा घाशी. पांढरे केस पुन्हा दुधासारखे दिसू लागले, की त्याला समाधान वाटे. मग तो घरी जाऊन अभ्यासाला बसे. पाय पुसायचे मात्र त्याच्या मनातही आले नाही. पावसाळी हवेत, ओल्या पेंढ्यावर, ते पाय रात्रभर तसेच ओले राहत. सकाळी पुन्हा चिखल आणि दुपारी पुन्हा बादल्या. असे सात दिवस चालले.

आठव्या दिवशी पाणी ओतताच चंद्रीने पाय झटकला. असे तिने कधी केले नव्हते. नातवाने खाली वाकून पाहिले. खुराच्या वर, टाचेच्या मागे जो खोलगट भाग असतो, तेथले केस एकमेकांना चिकटून त्यांची झुबके झाली होती. बोट लावले तर आत काहीतरी खरखरीत लागले. त्या खपल्या होत्या. घाण चिकटली आहे, असे समजून त्याने एक खपली नखाने ओढली. ती केसांसकट निघाली आणि खालची लालसर, ओली कातडी उघडी पडली. तिच्यावर पिवळट पू होता आणि रक्ताचा एक थेंब आला. चंद्रीने कान मागे टाकले.

मुलगा घाबरला, पण त्याने कोणाला सांगितले नाही. आपल्या आजीच्या टाचांना भेगा पडल्या, की ती रात्री कोकमाचे तेल कढत करून लावते, हे त्याला ठाऊक होते. त्याने तेलाचा गोळा वितळवला, ओल्या पायांवर जाडसर थापला आणि वरून गोणपाटाची पट्टी घट्ट बांधली. आपण मोठा उपचार केला, असे त्याला वाटले. दोन दिवसांनी पट्टी सोडली, तेव्हा घाण वास आला. डावा पाय सुजून खांबासारखा झाला होता आणि चंद्री त्यावर भार टाकीत नव्हती.

शेजारच्या घोडेवाल्याने कुंपणावरून डोकावून पाहिले. तो म्हणाला, "मी सांगत नव्हतो? पांढरे पाय! दिवाळीच्या हंगामाला ही उभी राहायची नाही. आताच कोणाला तरी देऊन टाका." दिवाळीचा हंगाम म्हणजे घोडेवाल्याच्या घरचे पुढच्या कित्येक महिन्यांचे धान्य. मुलाने ते ऐकले आणि त्या रात्री तो जेवला नाही.

माणसाचे पाय पावसात, शेतात सारखे भिजले, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, हे खेड्यातील मुलांना सांगायला नको. घोड्याच्या पायाला होणारा हा विकार त्याचाच दूरचा भाऊ म्हणता येईल. इंग्रजीत त्याला 'मड फीव्हर', म्हणजे चिखलाचा ताप, असे नाव आहे. नाव थोडे फसवे आहे. यात बहुधा ताप नसतो आणि केवळ चिखलाने हा विकार होतो असेही नाही. माणसाच्या चिखल्या बहुतेक वेळा बुरशीमुळे होतात. घोड्याच्या या विकाराच्या मुळाशी पुष्कळदा एक जिवाणू असतो. त्याचे शास्त्रीय नाव डर्माटोफिलस काँगोलेन्सिस. १९१५ साली त्या वेळच्या बेल्जियन काँगोमध्ये गुरांच्या कातडीच्या रोगात तो प्रथम ओळखला गेला, म्हणून नावात काँगो आले. पहिल्या शब्दाचा अर्थ 'कातडीवर प्रेम करणारा' असा आहे. हे प्रेम कोणत्या प्रकारचे, ते चंद्रीच्या पायाने दाखवलेच!

सूक्ष्मदर्शकाखाली हा जिवाणू पाहिला, तर मोठी गंमत दिसते. त्याचे बारीक गोल कण समांतर रांगांनी, एकाशेजारी एक मांडलेले असतात. अगदी आगगाडीच्या रुळांसारखे. कोरड्या खपलीत हे कण कित्येक महिने निपचित पडून राहू शकतात. ओल मिळाली, की ते जागे होतात. त्यांना बारीक शेपट्या असतात. त्यांच्या साहाय्याने ते पाण्यातून पोहत कातडीवर पसरतात. मात्र धडधाकट, कोरडी कातडी त्यांना सहसा आत घेत नाही. कातडी सतत भिजून मऊ पडली, किंवा खडे, काटे आणि जोराची घासाघीस यांनी ती ओरखडली गेली, म्हणजे त्यांना दार उघडे सापडते. चंद्रीच्या बाबतीत पावसाने ते दार किलकिले केले होते. बादल्यांनी आणि काथ्याने ते सताड उघडले.

अकराव्या दिवशी आजोबा परतले. खांद्यावरचे ओझे खाली ठेवण्याआधीच त्यांची नजर चंद्रीकडे गेली. नातू दाराआड उभा होता. आजोबांनी त्याला हाक मारली आणि काय काय केले ते क्रमाने विचारले. मुलाने काही लपवले नाही. बादल्या, काथ्या, ओढलेली खपली, तेल, गोणपाट सारे सांगितले. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला.

"मी तिला रोज धूत होतो, आजोबा. रोज!"

"ते दिसतंच आहे," आजोबा म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "आणि पुसत होतास का?"

मुलाने मान खाली घातली. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी तिघांपैकी कोरड्यात कोरडी जागा निवडली, तेथला ओला पेंढा काढून नवा पसरला आणि चंद्रीला त्या जागी बांधले. त्या दिवसापुरते त्यांनी एवढेच केले. त्यांना स्वतःला अशा जखमेवर गाडीचे वंगण लावण्याची जुनी सवय होती. या वेळी मात्र सूज पाहून त्यांनी डबा उघडला नाही आणि सकाळीच पशुवैद्यांना निरोप धाडला.

पशुवैद्य बाई दुसऱ्या दिवशी भिजत वर आल्या. त्यांनी आधी चंद्रीच्या मानेवर हात ठेवला, तिच्याशी दोन शब्द बोलल्या आणि मगच पायाशी गेल्या. त्या पायाच्या मागे कधीच उभ्या राहिल्या नाहीत. नेहमी बाजूला, खांद्याने घोडीला टेकून. दुखऱ्या पायाचे जनावर कितीही गरीब असो, त्याची लाथ गरीब नसते. त्यांनी घोडीचा ताप पाहिला, पाय दाबून पाहिला आणि थोड्या खपल्या तपासणीसाठी एका पुडीत घेतल्या. खरजेचे किडेही असेच दिसणारे फोड उठवतात, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबायचे नसते, असे त्या म्हणाल्या.

सूज वर चढली होती, म्हणून त्यांनी प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. धनुर्वाताची लस पूर्वी दिली होती का, हेही विचारून घेतले. कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि झाला तर तो बहुधा वाचत नाही. मग त्या मुलाकडे वळल्या.

"हिची सेवा कोण करतो?"

"मी," मुलगा हळूच म्हणाला.

"मग इकडे ये. हे काम तुलाच करायचं आहे."

बाईंनी त्याच्या हातांत रबरी मोजे चढवले. हा जिवाणू क्वचित माणसाच्या कातडीलाही लागतो. प्रथम त्यांनी पायावरचे लांब केस कात्रीने हलकेच कापले, म्हणजे ओल दडून बसायला जागा उरू नये. कोमट पाण्यात पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालून पाण्याला फिक्या चहाचा रंग आणला. त्यात बुडवलेल्या कापडाने खपल्या भिजवल्या. "ओढायचं नाही. भिजू द्यायचं," त्या म्हणाल्या. मऊ पडलेल्या खपल्या बोटाच्या हलक्या स्पर्शाने आपोआप सुटू लागल्या. ज्या सुटल्या नाहीत, त्या तशाच ठेवल्या; त्यांची पाळी उद्या. औषध दहा मिनिटे पायावर राहू दिले आणि मग स्वच्छ पाण्याने धुतले. सुटलेल्या खपल्या तबेल्यात पडू न देता एका कागदावर जमा करून चुलीत टाकल्या, कारण प्रत्येक खपली म्हणजे रोगाचे बियाणेच.

"झालं?" मुलाने विचारले.

"झालं कुठे? आता तर खरा उपचार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या हाती एक मऊ, जुने धुतलेले धोतर दिले. "हा पाय कोरडा कर. घासायचा नाही, टिपायचा. तुझ्या हाताला ओल लागेनाशी होईपर्यंत."

मुलाने टिपायला सुरुवात केली. एक कापड भिजले, दुसरे घेतले. वरून पाय कोरडा वाटे, पण टाचेमागच्या खोलगट जागेत बोट घातले की ओल लागे. हवा इतकी दमट होती, की कापडच मुळात अर्धे ओले होते. शेवटी आजीने चुलीवर तवा ठेवून फडकी गरम करून दिली, तेव्हा कोठे काम झाले. धुण्याला दहा मिनिटे लागली होती. सुकवण्याला जवळजवळ तास लागला.

कोकमाच्या तेलाविषयी मुलाने भीत भीत विचारले. बाई म्हणाल्या, "तेल वाईट नाही रे. वेळ वाईट होती. ओल्या जखमेवर तेल थापलंस, म्हणजे ओल आत कोंडलीस. पाय बरा झाला, पूर्ण कोरडा झाला, की चिखलात नेण्याआधी तेच तेल पातळ लाव. मग पाणी आत शिरणार नाही." आजोबा शेजारी ऐकत होते. वंगणाचा डबा त्यांनी पायाने हळूच मागे सरकवला.

"आणि पांढऱ्या पायांचं काय?" आजोबांनीच विचारले. शेजारचा घोडेवाला कुंपणाशी उभा होता. कदाचित त्याला ऐकू जावे असेही त्यांच्या मनात असेल.

बाईंनी चंद्रीचे पांढरे केस बाजूला सारून दाखवले. खालची कातडी गुलाबी होती. पुढच्या, गडद पायांचे केस सारले, तर तेथली कातडी काळसर होती. जेथे केस पांढरे, तेथे बहुधा कातडीत रंग नसतो. अशी कातडी अधिक नाजूक असते. तिला ऊन लवकर बाधते आणि हा विकारही तिला अधिक होताना दिसतो. म्हणजे पांढऱ्या पायाला जरा जास्त जपायला हवे, हे जुन्या लोकांना अनुभवाने कळले असेल. पुढे जपणे मागे पडले आणि अपशकुन तेवढा राहिला, असे घडले असणे अशक्य नाही.

पावसाळ्यात घोडी सांभाळण्याची काळजी महाराष्ट्राला नवी नाही. मराठ्यांचे घोडदळ पावसाळ्यात छावणीला जाई आणि दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर निघे. चिपळूणजवळच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच उधळून टाकाल, तर भर पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात बारकावे आहेत. एवढ्या मोठ्या राजाला उंदराच्या वातीची आठवण होते, ती घोड्यांचे मोल ठाऊक असल्यामुळेच. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१४ साली, 'पूना हॉर्स' आणि 'डेक्कन हॉर्स' हे आपल्या मुलखाची नावे धारण करणारे रिसाले फ्रान्सला गेले. त्या रणभूमीवरच्या थंड, खोल चिखलात हजारो घोडे उभे असत आणि पायांच्या अशाच विकारांनी त्यांतले पुष्कळ निकामी झाले. गोळीने जखमी झालेल्या घोड्याविषयी लोक हळहळतात. ओल्या टाचेच्या घोड्याची कथा सहसा कोणी लिहीत नाही.

माथेरानच्या त्या तबेल्यात आता नवे दिवस सुरू झाले. चंद्रीचे सामान वाहणे बंद झाले. आजोबा आणि नातू यांनी मिळून तबेल्याच्या मागे एक चर खणला आणि वरून येणारे पाणी बाहेर वळवले. दाराशी घोडी जेथे वळे, तेथे खडी आणि फुटक्या कौलांचे तुकडे घातले, म्हणजे पायाखाली रबडी होऊ नये. पेंढा रोज हलवला जाई, ओला तेवढा काढला जाई. चंद्रीचा ब्रश, तिची फडकी, तिची बादली सारे वेगळे ठेवले गेले. तिचे कापड दुसऱ्या घोड्यांना लागू नये म्हणून मुलाने त्यावर लाल दोरा शिवला. पहिले काही दिवस रोज औषध झाले. मग खपल्या यायच्या थांबल्या आणि बाईंच्या सांगण्यावरून धुणेही थांबले. त्यानंतर काम राहिले ते फक्त पाहण्याचे आणि टिपण्याचे.

हे 'फक्त' म्हणायला सोपे आहे. बारा वर्षांच्या मुलाला काही न करता वाट पाहणे फार अवघड जाते. पाणी ओतताना, घासताना आपण काहीतरी करीत आहोत असे वाटते. कोरड्या पायापाशी नुसते बसून राहिले, की वेळ संपत नाही. कित्येकदा त्याचा हात बादलीकडे जाई. एकदा तर तो ती भरूनही घेऊन आला. मग दाराशीच थांबला आणि ते पाणी त्याने चंद्रीला प्यायला ठेवले.

सूज पाच दिवसांत ओसरली. श्रावणातल्या एका उघडिपीत चंद्री तबेल्याबाहेर आली, तेव्हा ती लंगडत नव्हती. खपल्यांच्या जागी प्रथम उघडी गुलाबी कातडी होती. मग तिच्यावर बारीक, मखमलीसारखे पांढरे केस उगवू लागले. मुलगा रोज बोटाच्या पेराने ते मोजायचा. शेजारचा घोडेवाला दोनदा येऊन पाहून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने त्या औषधाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून मागितले. त्याच्याही एका घोड्याच्या टाचेला खपल्या आल्या होत्या. त्या घोड्याचे चारी पाय काळे होते.

नवरात्र आले आणि पाऊस मागे हटू लागला. दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी तिन्ही जनावरांच्या गळ्यांत झेंडूच्या माळा घातल्या. चंद्रीच्या कपाळाला कुंकू लावले आणि वाकून तिच्या मागच्या पांढऱ्या पायांनाही लावले. आजीने हसून विचारले, "पायांना कशाला?" ते काही बोलले नाहीत.

दिवाळीत पाहुण्यांची गर्दी झाली. चंद्री रोज दस्तुरी नाक्यापर्यंत जाऊ-येऊ लागली. वाटा बऱ्याच सुकल्या होत्या. तरी झाडांच्या सावलीत एखाददुसरी जागा अजून ओली असे. एका संध्याकाळी ती परत आली, तेव्हा तिच्या पांढऱ्या पायांवर घोट्यापर्यंत तांबडा चिखल होता. तिच्या पाठीवरून उतरलेल्या पाहुण्यांच्या लहान मुलीने विचारले, "दादा, तू हिचे पाय धूत नाहीस?"

"वाळू दे आधी," तो म्हणाला.

त्याने चंद्रीला कोरड्या जागी बांधले, पुढ्यात गवत टाकले आणि स्वतः पायरीवर बसून चहा प्यायला. चिखल कडेकडेने फिका होत गेला, मग त्याला बारीक भेगा पडल्या. तेव्हा त्याने लाल दोऱ्याच्या खुणेचे फडके आणि मऊ ब्रश घेतला, घोडीच्या बाजूला उभे राहून तिच्या अंगाला खांदा टेकला आणि वरून खाली हलक्या हाताने ब्रश फिरवू लागला. वाळलेली माती भुरभुर खाली पडू लागली. शेवटी त्याने टाचेमागच्या खोलगट जागेत बोट घालून पाहिले.

कोरडे होते.